नोइटखेदाखला काही नाही

कासव वाचलं.

ते वाचवायला मी स्टिअरिंग एकदम ओढलं, गाडी वाट सोडून वळली, तिच्यामागून टान्नी ड्रीकीची जुनी कॅराव्हॅन डोलत डोलत वळली, आणि मग सगळंच हळूहळू खाली बसलं. दमलेली बाई बाकावर टेकते ना, तसं.

"जिवंत आहेस का?" टान्नीने शेजारून विचारलं. टान्नी ड्रीकी म्हणजे माझी थोरली मावशी, वय अडुसष्ट. एवढं सगळं होऊनही तिच्या हातातल्या फ्लास्कमधून थेंब सांडला नव्हता.

"आहे."

"मग उतर आणि बघ. माझं काय ते मी नंतर कळवते."

मी उतरले. धुक्यात कुणाच्या तरी उघड्या फाटकातून आम्ही आत आलो होतो; आता चाकं अर्धी वाळूत होती. सकाळपासून समुद्रावरून येणारं धुकं आत्ता कुठे विरत होतं... आणि वाटेच्या मधोमध ते कासव, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, निवांत पाला चावत होतं. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा एक डाग होता. रंगाच्या डब्यातून टपकलेला, तळहाताएवढा.

मी वाकून तो डाग नीट बघितला. ह्या कासवाला मी ओळखत होते.

ह्याचं नाव डोमिनी. आमच्याकडे पाद्रीबुवांना डोमिनी म्हणतात. हा सावकाश चालतो आणि जेवणाच्या वेळी बरोबर पोचतो, म्हणून. फाटक रंगवताना ह्याच्या पाठीवर रंग सांडला होता. गेले तीन आठवडे मी ह्याची गोष्ट ऐकत होते, रोज थोडी थोडी, फोनवर.

"काही नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "वाळू आहे नुसती. निघेल गाडी."

तोच आवाज. तेच दोन शब्द. तीन वर्षं रोज ऐकलेले.

मी मागे वळले. आवाज ज्याचा होता तो माणूस मला आधी दिसलाच नाही. दिसली ती फुलं.

उत्तरेला तोंड करून जाणाऱ्याला फुलांच्या पाठी दिसतात. आमच्याकडे, विषुववृत्ताच्या खाली, सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो आणि फुलं त्याच्याकडे बघत राहतात. म्हणून शहाणी माणसं ही किनाऱ्याची वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे करतात. टान्नीला उलटंच जायचं होतं, कारण सुलट सगळे जातात. तेव्हा सकाळपासून मी धुकं आणि करड्या-हिरव्या पाठी बघत आले होते. आता वळले, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. केशरी, पांढरी, मध्ये मध्ये डोळ्यांत खुपतील अशी जांभळी... टेकडीपासून थेट समुद्राच्या फेसापर्यंत. बोट ठेवायला जमीन नव्हती.

आणि त्याच सकाळी साडेदहाला, दीपगृहापाशी गाडी थांबवून, मी माझ्या वहीत लिहिलं होतं: नोइटखेदाख — शून्य.

माझं नाव एल्मारी बीकस. पण नामाक्वालँडमध्ये, आमच्या ह्या फुलांच्या मुलखात, मला नावाने ओळखणारे थोडे आणि आवाजाने ओळखणारे फार. फुलांच्या दिवसांत गारीसच्या माहिती केंद्राचा नंबर फिरवला की मी ऐकू येते: सुप्रभात, आज अमुक ठिकाणी फुलं पाचपैकी चार, तमुक ठिकाणी दोन, कृपया वाट सोडून गाडी चालवू नका. त्यासाठी मी रोज साडेदहाला, फुलं उघडायच्या वेळी, सतरा फार्मना फोन करते. ते सांगतात, मी वहीत लिहिते.

आता, माणसं सांगतात तसं लिहिलं असतं तर माझी नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली असती. म्हणून माझ्या वहीत दुरुस्तीचा एक रकाना आहे. ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या आहेत, त्यांचे पाच म्हणजे तीन. ऊम सारेलचे चार म्हणजे चारच, पण कालचे. काका सकाळी बाहेर पडत नाहीत. एक बाई आहेत, त्या स्वतःचं सांगण्याआधी शेजारणीकडे कसं काही उगवलेलं नाही ते सांगतात.

दुरुस्तीचा रकाना रिकामा राही तो एकाच फार्मसमोर. नोइटखेदाख. नावाचा अर्थ 'मनातही आलं नव्हतं'. तिथला माणूस तीन वर्षं शून्यच सांगत आला. मी मनाशी हिशोब मांडला होता: शून्य सांगून कुणाचा काय फायदा? म्हणजे हा एकटा खरा.

बाकीच्यांना मी चाळीस सेकंद देते. ह्याला पहिल्या वर्षी चार मिनिटं गेली. यंदा अकरा. मेंढ्या फाटकातून एकेक करून सोडाव्यात तसा तो वाक्यं सोडायचा, त्यावरून मी ताडलं की वय पासष्टच्या पुढे, विधुर, पांढऱ्या मिशा, बहुतेक पाइप. म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याला 'ऊम ब्राम', म्हणजे ब्रामकाका, म्हणत आले. आणि काकांना काय, माणूस सगळंच सांगतो. माझ्या अक्कलदाढेचं सांगितलं. हरवलेल्या मांजराचं सांगितलं. फ्रेडेंडालच्या त्या द्राक्षबागवाल्याने मला मागणी घातली आणि मी ती नाकारली, कारण तो तोंड उघडं ठेवून चावतो, हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. ऊम ब्रामला सांगितलं होतं.

तर तो ऊम ब्राम आता माझ्यापुढे उभा होता. बत्तीस वर्षांचा असेल. स्वेटरचा एक कोपर उसवलेला, कान उन्हाने रापलेले, टोपी हातात. मिशी नव्हतीच.

ह्याला काय काय सांगितलं होतं ते सगळं मला एकदम आठवलं. फुलांचं खोटं एक वेळ परवडलं असतं... पण तो तोंड उघडं ठेवून चावणारा?

"इजा नाही ना झाली कुणाला?" त्याने विचारलं.

बोलले असते तर पहिल्या शब्दाला पकडली गेले असते. मी गळ्यावर हात ठेवला, मान हलवली आणि नुसते ओठ हलवले.

टान्नीने माझ्याकडे बघितलं. ती मला जन्मापासून ओळखते. तिने त्याच्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, आणि काचेतून हात बाहेर काढून त्याच्याशी हात मिळवला.

"हिचा घसा बसलाय," ती म्हणाली. "आज सकाळपासून. देवाचे उपकार."

"मी ब्राम क्लूती. हे नोइटखेदाख."

"आणि हे काय?" टान्नीने फ्लास्कनेच सगळा किनारा दाखवला.

त्याने वळून फुलांकडे असं बघितलं, जसं काही ती कुणीतरी त्याच्या पाठीमागे आत्ताच आणून ठेवली होती.

"हे... हो. हे आहे."

"फोनवरची ती मुलगी तर सांगते, इथे काही नाही. ते ऐकूनच आम्ही आलो. तीन दिवस जिथे जावं तिथे बसगाड्या आणि माणसांची कोपरं. म्हटलं, काही नसेल तिथे निदान उभं तरी राहता येईल. भारीच खोटारडी दिसते ती."

"ती नाही," तो पटकन म्हणाला. एवढं पटकन बोलताना मी त्याला फोनवर कधी ऐकलं नव्हतं. "तिला काही बोलू नका, टान्नी. ती एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. मीच तिला तसं सांगतो."

"का रे?"

"लांबची गोष्ट आहे."

"आम्ही रुतलोय, बाळा. आम्हाला कुठे जायचंय?"

 तो कॅराव्हॅनच्या चाकाशी वाकला. वाटेपासून तिथपर्यंत दोन पट्टे उमटले होते, फुलं चेचून, दहा-बारा पावलं लांब. मी, रोज सकाळी अख्ख्या देशाला 'वाट सोडू नका' म्हणून बजावणारी, आणि हे माझे पट्टे. त्याने एक मोडलेलं फूल उचललं, हातात फिरवलं, तिथेच ठेवलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने काडीने चाकांमधली हवा कमी केली, ट्रॅक्टर आणला, साखळी लावली. "मागे ओढतो. आलात त्याच खुणांवरून बाहेर," तो मला म्हणाला. "नवी खूण नको." मी मान डोलावली. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला... मग ट्रॅक्टरवर चढला.

"कॉफी?" गाडी वाटेवर आल्यावर त्याने विचारलं.

"दोन चमचे साखर," टान्नी म्हणाली आणि घराकडे चालूही लागली.

घर लहान होतं, पांढरं, समुद्राकडे कूस करून बसलेलं. स्वयंपाकघरात एक मोठी खिडकी, आणि खिडकीशेजारी भिंतीवर तारेचा जुना फोन. मी फोनपाशी जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहिल्यावर समोर काय दिसतं? सगळंच. तो उतार, ती केशरी-जांभळी भर, तो समुद्र. म्हणजे रोज साडेदहाला हा माणूस इथे उभा राहून, हे सगळं डोळ्यांनी बघत बघत, मला सांगत होता — काही नाही, मिस बीकस. वाळू, वारा आणि मेंढ्या.

आजही मी विचारलं होतं, "पाऊस तर चांगला झाला ना, ऊम?" आणि तो म्हणाला होता, "झाला की. पाऊस पडतो, फुलं विचार करत बसतात."

तो चुलीशी कॉफी उकळत होता, टान्नी त्याला निखाऱ्यावरचे पाव कसे उलटायचे ते शिकवत होती. मी फोनखाली बघितलं. तिथे खिळ्याला कागदाची एक चळत अडकवली होती. वरच्या कागदावर उद्यासाठी पेन्सिलने, शाळकरी पोरासारख्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

दाढ — यंदा कुठल्या बाजूची ते विचारायचं.
मांजर परत आलं का?
फ्रेडेंडालवाला पुन्हा आला का? (सहज विचारल्यासारखं.)
हसली तर कासवाची गोष्ट तिथेच थांबवायची. उरलेली उद्या.

खाली आजचा. मी तोही उलटला. कालचा. त्याखाली परवाचा. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. तीन वर्षं मी समजत होते की माणसांची नोंद ठेवणारी मी एकटीच आहे.

"माझ्या दाढेची नोंद?" मी म्हणाले. पूर्ण आवाजात. गारीसच्या आवाजात.

चुलीपाशी काहीतरी पडलं. बहुतेक झाकण.

"आला वाटतं घसा परत," टान्नी म्हणाली आणि आपला कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दार तिने लावलं नाही. तिला ऐकायचं होतं.

त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानांपासून लाल होत आला.

"मिस बीकस," तो म्हणाला.

"ऊम ब्राम."

"मी दुरुस्त करणार होतो ते. पहिल्याच दिवशी. पण तुम्ही 'ऊम' म्हणालात आणि मी तोंड उघडेपर्यंत दाढेचं सांगायला लागलात... तिशीतल्या माणसाला कुणी दाढेचं सांगत नाही."

"आणि द्राक्षबागवाल्याचं? तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"तेव्हा मुद्दामच मिटून घेतलं." त्याने जमिनीकडे बघितलं. "त्या दिवसापासून जेवतानाही मिटूनच चावतो."

मला हसू यायला नको होतं. आलं. मी ते खिडकीकडे तोंड करून संपवलं.

"आणि फुलं?" मी विचारलं. "ती तर माझ्या दाढेवर अवलंबून नव्हती."

"चला. दाखवतो."

घरामागे, उताराच्या दुसऱ्या अंगाला, तो मला घेऊन गेला. एका माणसाच्या रुंदीची पायवाट होती, तो पुढे, मी मागे. आजूबाजूला फुलं गुडघ्याला लागत होती आणि तो प्रत्येक पावलाला ती चुकवत होता. माथ्यावर थांबला. खाली फुलांमधून समुद्रापर्यंत दोन टकल्या रेषा गेल्या होत्या. एके ठिकाणी त्यांना फाटे फुटलेले, पुढे आणखी फाटे. त्यांत काहीही उगवलेलं नव्हतं.

"सहा वर्षांपूर्वी बाबांनी केंद्राला खरं सांगितलं. पाच," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा नव्हता. रविवारी गाड्या आल्या. बाबा फाटकाशी हौसेने मोजत बसले होते. नव्वदपर्यंत मोजल्या. मग एकाने समुद्राकडे आडवी गाडी घातली, आणि बाकीचे त्याच्यामागून... बाबांनी मोजणं सोडून दिलं. त्याच हिवाळ्यात ते आत्याकडे स्प्रिंगबोकला राहायला गेले. फुलांच्या दिवसांत इकडे फिरकत नाहीत."

 माझे दहा-बारा पावलांचे पट्टे मला इथूनही दिसत होते.

"पहिलं वर्ष मी त्यांच्यासाठी खोटं बोललो," तो म्हणाला.

"आणि दुसरं?"

"पाच असलेल्या फार्मला तुम्ही किती वेळ देता?"

"चाळीस सेकंद."

"आणि शून्य असलेल्याला?"

मी समुद्राकडे बघितलं. वारा पडला होता. फुलांवर मधमाश्यांचा असा आवाज होता, जसं काही लांब कुठेतरी किटली उकळत असावी.

आता इथे मी विरघळायला हवं होतं. अर्धी विरघळलेही होते. पण उरलेल्या अर्धीला एकाएकी असा राग आला की मलाच आश्चर्य वाटलं.

"माझ्या वहीत सतरा माणसं आहेत," मी म्हणाले. "सोळा खोटं बोलतात, मला ते ठाऊक आहे, मी त्यांचं खोटं वजा करते. एकाचं कधी वजा केलं नाही. गेल्या वर्षी एक म्हातारं जोडपं माझ्या शब्दावर सहाशे किलोमीटर आलं. माझ्याकडे शब्द सोडून काय आहे दुसरं? आणि ज्याला मी एकटा खरा म्हणून मिरवलं..." मी त्याच्याकडे वळले. "आता मी डोळ्यांनी बघितलंय. उद्या शनिवार. पूर्वेचा वारा सुटून फुलं करपायच्या आधीचा शेवटचा. साडेदहाला मी फोन करीन. शून्य म्हणालात तर ते मी लिहू शकणार नाही. आणि तुमचं सांगणं खोडून गाड्यांना इकडे लोटणं, तेही माझ्याने व्हायचं नाही. मी वही दुसऱ्या कुणाला तरी देईन. तिला चाळीस सेकंदांत उरकायला सांगेन."

तो वाक्य जुळवत उभा राहिला. फोनवरही असाच असायचा. फक्त तिथे तो कुठे बघतो ते दिसत नव्हतं. इथे दिसत होतं.

"कुठल्या बाजूची आहे?" शेवटी त्याने विचारलं. "दाढ."

"डावी," मी म्हणाले आणि पायवाटेने एकटीच खाली उतरले.

कॅराव्हॅन आम्ही फाटकाबाहेर लावली. टान्नीने माशाचं कालवण गरम केलं आणि मला न विचारताच ताटात वाढलं.

"मी दोन नवरे केले," ती म्हणाली. "एक खरं बोलणारा, एक खोटं बोलणारा. खोटं बोलणाऱ्याने निदान माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत."

"म्हणजे खोटारडा चालेल?"

"ते कुठे म्हटलं मी? खोटं सगळेच बोलतात, बाई. पकडल्यावर काय करतो ते बघ. माझा पहिला हसला. त्याला मी सोडला." तिने चमचा चाटला. "ह्याचं झाकण पडलं. झाकण पडणं चांगलं लक्षण आहे."

शनिवार लख्ख उजाडला. धुक्याचा मागमूस नव्हता. साडेदहाला मी वही आणि मोबाईल घेऊन वाटेपलीकडच्या टेकाडावर चढले. तिथेच काय ती रेंज येत होती. ऊम सारेल: चार, म्हणजे कालचे. पाहुण्यांच्या खोल्या: पाच, म्हणजे तीन. शेजारणीवाल्या बाई: शेजारणीकडे शून्य. एकेक करत सोळा झाले आणि पेन थांबलं.

नोइटखेदाख शेवटचं. नेहमी शेवटचंच. वही अक्षरांच्या क्रमाने लावलेली नाही, अंतराच्याही नाही. मग हे फार्म तीन वर्षं यादीच्या तळाला कुणी ठेवलं? त्यानंतर कुणाचा फोन खोळंबलेला नसावा, अशी सोय कुणी केली? अक्षर माझं होतं. माणसांचं खोटं पकडत हिंडणाऱ्या बाईची ही स्वतःची चोरी, शाईने लिहिलेली... आणि तिला ती आज दिसत होती.

टेकाडावरून घर दिसत होतं. खिडकीत तो उभा होता, अंगठ्याएवढा. मी नंबर लावला. पहिल्या घंटेला त्याने उचलला.

"सुप्रभात. गारीसच्या माहिती केंद्रातून बोलतेय. आज तुमच्याकडे फुलं कशी आहेत?"

फोनवर श्वास ऐकू आला. एक मेंढी फाटकातून गेली. दुसरी गेली.

"पाच," तो म्हणाला.

पेन माझ्या हातात होतं आणि मला पाचचा आकडा काढता येईना.

"पुढे लिहा," तो म्हणाला. "फाटकाला कुलूप राहील. गाड्या बाहेर. समुद्रापर्यंत दोन किलोमीटर, पायी. एका वेळी दहा माणसं, मी बरोबर चालेन. ज्यांना चालायचं नसेल त्यांना सांगा, नोइटखेदाखला काही नाही."

मी लिहीत होते. अक्षर माझं वाटत नव्हतं.

"सकाळी बाबांना फोन केला," तो म्हणाला. "पाच सांगतोय म्हणालो.  ते म्हणाले, खुर्ची काढून ठेव, मी फाटकावर बसतो. कुणीतरी माणसं मोजायला हवीत."

"तुम्ही... हे रात्रीत ठरवलंत?"

"तुम्ही पायवाट उतरत होतात तेव्हाच ठरवलं. रात्रभर फक्त ते नीट म्हणायचा सराव केला." खिडकीतली आकृती हलली, तो कागद बघत असावा. "आणखी एक आहे. आत एकही गाडी सोडायची नाही. एक कॅराव्हॅन सोडून."

"कुठली?"

"जिच्या चाकांच्या खुणा आधीच पडल्यात ती. तिने त्याच खुणांवर उभं राहायचं, नवी काढायची नाही. बाबांच्या वेळच्या खुणा सहा वर्षांत भरल्या नाहीत. तुमच्या लहान आहेत, तरी चार-पाच वर्षं जातील. दर वर्षी येऊन कुणीतरी बघायला हवं, भरल्या की नाही. ज्याने केल्या त्याने."

"असा नियम आहे?"

"आमच्या फार्मचा."

"कधीपासूनचा?"

"कालपासूनचा."

मला बसायचं होतं. गवतात लहान पांढरी फुलं होती, आणि ह्या वेळी ती मोडू नयेत म्हणून मी दगड शोधून त्यावर बसले.

"ऊम—" मी सवयीने म्हणाले.

"नको ना आता ते."

"मग काय म्हणू?"

"जे आई-मावशीला सांगत नाहीस ते ज्याला सांगतेस, त्याला काय म्हणतात?"

'सांगतेस' म्हणाला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. टेकाडाच्या पायथ्याशी टान्नी फाटकाला टेकून वर बघत होती, आणि तिला एवढ्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी तिने कप उंच केला.

"ब्राम," मी म्हणाले. नुसतं नाव. जिभेवर ते असं लागलं, जसं काही दुसऱ्याच्या घरात आपला हरवलेला चमचा सापडावा. "मांजर परत आलं नाही अजून. दाढ कालपासून जास्त दुखतेय. आणि तुझ्या कासवाच्या गोष्टीचा शेवट तू सांगितला नाहीस."

"तो मुद्दाम ठेवलाय."

"किती दिवस पुरेल?"

"सावकाश सांगितला तर..." तो थांबला, खिडकीतून त्याने हात बाहेर काढला होता, आणि तो हात माझ्याकडे होता. "कासव आहे ते, एल्मारी. पुष्कळ जगतं."

नंतर मी संदेश रेकॉर्ड केला. टान्नी म्हणाली, त्या दिवशी माझा आवाज खरंच घसा बसल्यासारखा येत होता. वहीत लिहिलं: नोइटखेदाख — पाच. दुरुस्तीच्या रकान्यात: काही नाही. वेळेचा रकाना तेवढा रिकामा राहिला, कारण घड्याळ बघायचं मी विसरले. टान्नीचा हिशोब असा की तेवढ्यात तिची तीन कप कॉफी झाली, आणि डोमिनी फाटकापासून निघून माझ्या चाकांच्या खुणेपर्यंत चालत पोचला.